सकाळी उपाशी निघणारे पक्षी



कळमनुरीकरांना समुद्रकिनारा पाहायचा तर कोकण गाठावे लागते. मात्र हिवाळ्याच्या अखेरीस, फजरच्या नमाजनंतर, पैनगंगेवरील इसापूर धरणाच्या जलाशयाकाठी जो चालत जाईल त्याला समुद्राची उणीव फारशी जाणवणार नाही. पैलतीर धुक्यात दिसत नाही आणि पाण्यावर पक्ष्यांची वर्दळ सुरू झालेली असते. केशरी-तांबूस पिसांचे चक्रवाक जोडीजोडीने काठावर उतरतात; लडाख-तिबेटच्या सरोवरांकडचे हे पाहुणे थंडीपुरते आपल्याकडे येतात. नदी सुरय हा तर समुद्रपक्ष्यांच्याच कुळातला. फक्त त्याच्या वाट्याला गोडे पाणी आले आहे. तो पाण्यावर घिरट्या घालतो, क्षणभर हवेत थबकतो आणि सूर मारतो. पुष्कळदा चोच रिकामीच वर येते. तो पुन्हा उंच जातो.

हे दृश्य पाहताना एक हदीस आठवल्यावाचून राहत नाही. हजरत उमर (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस तिर्मिजी या संग्रहात आहे. तिचा आशय असा की, अल्लाहवर जसा भरवसा ठेवायला हवा तसा आपण ठेवला असता, तर पक्ष्यांना मिळते तशी उपजीविका आपल्यालाही मिळाली असती. ते सकाळी उपाशी निघतात आणि सायंकाळी पोट भरून परततात.

आपल्याकडे ही हदीस बहुधा अर्धीच सांगितली जाते. भरवसा ठेवा, अल्लाह देईल, एवढ्यावर वक्ता थांबतो आणि श्रोता समाधानाने घरी जातो. परंतु पैगंबर (स.) यांनी पक्ष्याविषयी वापरलेली दोन्ही क्रियापदे हालचालीची आहेत. एक पहाटे निघण्याचे, दुसरे सायंकाळी परतण्याचे. घरट्यात बसून राहिलेल्या पक्ष्याचा तेथे उल्लेखच नाही. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांना एकदा अशा माणसाविषयी विचारण्यात आले, जो घरात किंवा मशिदीत बसून म्हणतो की, माझी रोजी माझ्याकडे येईपर्यंत मी काहीच करणार नाही. इमामसाहेबांनी त्याला अज्ञानी ठरवले आणि पुरावा म्हणून हीच हदीस पुढे ठेवली.

पदवी घेऊन तीन-चार वर्षे नोकरीची वाट पाहणारे तरुण आज आपल्या मोहल्ल्यात आहेत. त्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. अर्ज करून करून ते थकले आहेत. पण त्यांच्यातील काहीजण मोबाईलवरील पैशांच्या खेळात नशीब शोधू लागले आहेत आणि काहींच्या वडिलांनी व्याजाचे कर्ज काढले आहे. याच दिवसांत आपल्या भागात हळदीची काढणी चालते. पहाटे डबा बांधून शेताकडे निघालेल्या मजूर स्त्रिया पाहा. आज किती काम होईल, किती हजेरी पडेल, हे त्यांनाही ठाऊक नसते. तवक्कुलचा धडा त्यांच्याकडून घ्यावा, असे मला वाटते. हातगाडी लावणे वा दुसऱ्याच्या दुकानात काम करणे यात पदवीचा अपमान होतो, ही समजूत आपण पालकांनीच मुलांच्या मनात रुजवली आहे. हजरत दाऊद (अलै.) हे पैगंबर आणि राजे असूनही स्वतःच्या हातच्या कमाईतून खात असत, असे बुखारीतील हदीस सांगते.

मग मनुष्याचे कष्टच सर्व काही आहेत काय? सूरह अल्-मुल्कच्या एकोणिसाव्या आयतीत अल्लाह आपले लक्ष डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्यांकडे वेधतो. ते पंख पसरतात आणि मिटतात. त्यांना तोलून धरणारा मात्र रहमानखेरीज कोणी नाही. पंख हलवण्याचे काम पक्ष्याकडे दिलेले आहे, हवेत तोलून धरण्याचे त्याच्याकडे नाही. सुरयाचा सूर वाया गेला तरी तो दुसऱ्याच्या चोचीतील मासा पाहून कुढत बसतो काय, हे आपण जाणत नाही. पुन्हा उंच जातो एवढे डोळ्यांना दिसते. प्रयत्न फसल्यावर हरामच्या वाटेला लागणारा माणूस कष्टांना कंटाळलेला असतो, असे सहसा मानले जाते. माझ्या मते त्याचा मूळ दोष वेगळा आहे. तोलून धरणारा कोणी आहे, यावरचा त्याचा विश्वास ढळलेला असतो.

आणखी एक गोष्ट. इसापूरचे धरण माणसांनी शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधले, आणि अल्लाहने त्याच पाण्यावर दूरदेशीच्या पक्ष्यांचे ताट वाढले. कोणाची उपजीविका कोणाच्या हातून जाईल, हे आपण ठरवत नाही. सूरह अल्-अन्आमच्या ३८ व्या आयतीत तर पशुपक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. अशा पाण्याकाठी जाळी लावून पाहुण्या पक्ष्यांना पकडणे, आणि वर शिकार हलाल आहे असे म्हणणे, हे कसे शोभेल? गरजेची शिकार शरीअतने वैध ठरवली आहे, हे खरे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी घातलेली शिकार चोरून करणे आणि मौजेखातर जीव घेणे यांना त्या परवानगीची ढाल करता येत नाही.

अबू दाऊदमध्ये एका प्रवासाची हकीगत आहे. काही सहाबांनी एका लहान पक्षिणीची दोन पिले उचलून आणली. ती आई त्यांच्याभोवती पंख फडफडवीत राहिली. पैगंबर (स.) तेथे आले तेव्हा त्यांनी विचारले की, हिच्या पिलांवरून हिला कोणी दुःख दिले, आणि ती पिले तिला परत करण्यास सांगितले.