पानाचा आकार, मैफलीची वेळ

वर्तमानपत्र केवढ्या पानावर छापावं हे मालकानं ठरवायचं आणि मैफल किती वाजता आटपायची हे पोलीस परवान्यावर अवलंबून. तेव्हा वाचकानं किंवा श्रोत्यानं त्यात लक्ष घालावं असं काही नाही, अशी आपली समजूत असते. मुंबईत मात्र कोणी कोणाचं गाणं ऐकायचं, हे पुष्कळदा या दोन गोष्टींनीच ठरवलं आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढलं, ते मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी लावून. त्याच्या दहा वर्षं आधी फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेलं गुजराती 'मुंबई समाचार' आजही निघतं. पुढे उर्दू, हिंदी, तमिळ, ज्याला त्याला आपापला पेपर मिळाला. हे व्हायलाच हवं होतं. पण 'दर्पण'नं मांडलेला शेजार त्यात गेला. किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात रंगलेल्या कर्नाटक संगीताच्या कचेरीची खबर दादरच्या ख्यालवेड्या माणसाला लागणार कुठून?

खबर लागणं पानाच्या आकारावरही अवलंबून असतं. गर्दीच्या लोकलमध्ये मोठा पेपर वाचणारा माणूस पाहावा. तो पान आधी उभं दुमडतो, मग आडवं, आणि शेजाऱ्याच्या खांद्याला धक्का न लावता उरलेले दोन-तीन स्तंभ वाचत राहतो. १९७९ साली निघालेल्या 'मिड-डे'सारख्या टॅब्लॉइडचं पान अशा गर्दीत सहज उघडतं. त्या छोट्या पानात मैफलीचं सविस्तर परीक्षण मावत नाही, याची मला खंत आहे. पण 'आज शहरात' छापाचं चार ओळींचं टिपण मावतं, आणि माझ्या मते ते पानभर जाहिरातीपेक्षा मोलाचं आहे. जाहिरात ज्याच्याकडे पैसा त्याची. टिपणात गल्लीतल्या मंडळाचं भजन, कव्वाली आणि जॅझ एकाखाली एक येतात.

जॅझचं नाव निघालं की धोबीतलावचं रंगभवन आठवतं. १९७८ साली तिथे पहिली 'जॅझ यात्रा' झाली. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स त्यात वाजवून गेले. धोबीतलाव म्हणजे गोव्याहून आलेल्यांच्या कूडांचा, म्हणजे सामायिक निवासांचा, आणि कोकणी तियात्र नाटकांचा परिसर. हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद ज्यांनी उभा केला, त्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येनं होते. उघड्या आकाशाखालचं, सगळ्यांना पोचता येईल असं रंगभवन भोवतालच्या रुग्णालय-महाविद्यालयांमुळे शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथलं संगीत थांबलं.

रुग्णाला झोप हवी, याबद्दल वाद नाही. पण रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नको, या २०००च्या नियमानं मैफलीचा घाटच बदलला. दरबारी आणि मालकंस हे रात्रीचे राग घाईत गायले जाऊ लागले. रात्र जागवून पहाटे ललत ऐकण्याचं सुख गेलं. बंद सभागृहाला ही अडचण नाही, पण तिथे भाडं आलं, तिकीट आलं, आणि 'आपले' श्रोते आले. रस्त्यावरून जाता जाता परक्या भाषेतलं गाणं ऐकायला थबकणारा माणूस तेवढा बाहेर राहिला.

वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री दहाची ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याची मुभा राज्य सरकारला आहे. त्यातल्या दोन रात्री शांतता क्षेत्राबाहेरच्या एखाद्या मैदानावर सर्व भाषांच्या विनातिकीट संगीतासाठी राखाव्यात, आणि शहरातल्या प्रत्येक भाषेच्या पेपरानं त्याचं एकच टिपण आपापल्या लिपीत, त्याच दिवशी छापावं.