कोंबड्याचा हिशेब

परसात चार-सहा कोंबड्या बाळगणाऱ्या माणसापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतोच : कोंबडा ठेवावा की न ठेवावा? प्रश्न दिसायला क्षुल्लक आहे. परंतु वसईच्या वाड्यांतून काय किंवा कोकण-गोव्यातल्या परसांतून काय, जिथे जिथे घरामागे खुराडे आहे तिथे तिथे या प्रश्नावरून घरात वाद आणि शेजाऱ्यांत अबोला होतो. याचे कारण असे की, या लहानशा प्रश्नाच्या पोटात दुसरा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. ज्याच्यापासून आपल्याला काही मिळत नाही, त्याला आपल्या अंगणात जागा द्यावी की नाही, हा तो प्रश्न होय.

आधी व्यवहार पाहू. कोंबडी अंडे घालते ते कोंबड्यावाचून. अंडे उबवून पिल्लू काढायचे असेल तरच कोंबडा लागतो. खाण्याच्या अंड्याला तो मुळीच लागत नाही. बाजारात जी पांढरी अंडी येतात ती घालणाऱ्या कोंबड्यांनी मोठेपणी कोंबड्याचे तोंडही पाहिलेले नसते. म्हणजे हिशेबाच्या वहीत कोंबड्याच्या नावावर नुसता खर्चच पडतो. तो दाणे खातो, अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या पोटऱ्यांवर धावून जातो आणि पहाटे चारला साऱ्या आळीची झोपमोड करतो. जमेच्या बाजूला काय लिहावे?

कोंबड्याची बाजू घेणारे म्हणतात की, तो राखणदार आहे. हे खरे आहे. खाण्याजोगे काही सापडले की चांगला कोंबडा ते एकट्याने गिळत नाही; विशिष्ट आवाज काढून तो कोंबड्यांना बोलावतो आणि बहुधा स्वतः बाजूला उभा राहतो. आकाशात घार दिसली तर त्याचा इशारा एक असतो आणि जमिनीवरून मुंगूस किंवा कुत्रा आला तर दुसरा. अभ्यासकांनी हे आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकवले, तेव्हा शत्रू समोर नसतानाही कोंबड्या पहिल्या आवाजाला आडोशाला पळाल्या आणि दुसऱ्या आवाजाला मान उंच करून सावध उभ्या राहिल्या. ज्या पक्ष्याला आपण बिनडोक समजतो त्याच्यापाशी अशी भाषा आहे, हे जाणून मन थक्क होते.

तरीही हा युक्तिवाद आम्हांला पुरेसा वाटत नाही. 'तो उपयोगी आहे, म्हणून राहू द्या,' असे म्हणताना आपण त्या हिशेबाच्या वहीलाच न्यायाधीश नेमतो. उद्या खुराड्याला तारेची जाळी बसली की राखणदाराचे काम संपले. कोंबडा म्हातारा झाला, एका डोळ्याने अधू झाला, तर मग काय? उपयोग हाच जर राहण्याचा हक्क असेल, तर उपयोग संपला त्या दिवशी हक्कही संपतो. ही विचारसरणी खुराड्याशी थांबत नाही. ज्या बापाने आयुष्यभर केळीचे घड आणि फुलांच्या टोपल्या दादरच्या बाजारात पोहोचवल्या, तो आज ओट्यावर खोकत बसला आहे. 'याचा आता काय उपयोग?' हे शब्द कुणी उच्चारत नाही, परंतु पुष्कळ घरांच्या भिंतींना ते ऐकू येतात. माणूस आणि कोंबडा एका पंक्तीला बसत नाहीत. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि ही मर्यादा आम्ही ओलांडू इच्छीत नाही. परंतु हिशेबाची सवय मात्र एकच असते. ती मुक्या प्राण्यांवर जडते आणि माणसांपर्यंत येऊन पोहोचते.

या ठिकाणी शुभवर्तमानातला एक बारीक तपशील आम्हांला फार मोलाचा वाटतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू चिमण्यांचा बाजारभाव सांगतो : एका नाण्याला दोन. लूकच्या शुभवर्तमानात भाव निराळा आहे : दोन नाण्यांना पाच. मत्तयाच्या भावाने दोन नाण्यांना चारच चिमण्या मिळायला हव्यात. मग ही पाचवी कुठून आली? ती वरताळा आहे. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून दुकानदाराने फुकट टाकलेली आहे. बाजारात तिला किंमतच नाही. आणि प्रभू म्हणतो की, देवाला त्यांच्यांतल्या एकीचाही विसर पडत नाही. एकीचाही नाही, म्हणजे त्या पाचवीचाही नाही. ज्याची किंमत शून्य आहे त्याचीही देवापाशी नोंद आहे, असा याचा अर्थ आम्ही घेतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात हीच गोष्ट आजच्या भाषेत मांडली. प्रत्येक जीवाला त्याचे स्वतःचे मोल असते, ते माणसाच्या उपयोगावर अवलंबून नसते, अशी त्यांची शिकवण आहे.

आता कुणी म्हणेल, 'आम्ही कोंबडा ठेवतच नाही. आमच्या दारात चार तलंगा आहेत, अंडी मिळतात, कटकट नाही.' या सुखी माणसाला आम्ही एक प्रश्न विचारतो : त्या चार तलंगांचे भाऊ कुठे गेले? कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते आणि जी पिल्ले निघतात त्यांत सरासरीने निम्मे नर असतात. यंत्रात उबवलेल्या अंड्यांचेही तसेच. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातींतला नर अंडी देत नाही आणि मांसही भराभर धरत नाही. म्हणून जगभरच्या उबवणी केंद्रांत असे नर पिल्लू जन्मल्या दिवशीच मारून टाकण्याची रीत पडली. दर वर्षी अशी सुमारे सात अब्ज पिल्ले मारली जातात, असा अंदाज सांगितला जातो. जर्मनीत हा आकडा सुमारे साडेचार कोटींचा होता. तिथे १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने ही रीत बंद झाली आणि पिल्लू घडण्यापूर्वी अंड्यातच नर-मादी ओळखण्याच्या पद्धती वापरात आल्या. आपल्याकडे जत्रेत आणि रस्त्याच्या कडेला गुलाबी, हिरव्या रंगांत बुडवलेली पिल्ले खोक्यांतून विकायला येतात, ती बहुधा हीच नको असलेली नर पिल्ले. मुले हट्ट करतात, आपण घेऊन देतो आणि चार दिवसांत ती मरतात.

तेव्हा कोंबडा न ठेवणारा माणूस कोंबड्याच्या प्रश्नातून सुटत नाही. तो प्रश्न त्याने दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकलेला असतो, इतकेच. अंडे खाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे कुठेतरी एक कोंबडा उभा आहे. हे मनात धरून अंडे खाणे आणि न धरता खाणे, यांत आमच्या मते नैतिक अंतर आहे.

मग घरच्या खुराड्यात जादा झालेल्या कोंबड्यांचे काय करावे? येथे आम्ही भाबडेपणा करू इच्छीत नाही. सणाला, पाहुणा आला असता किंवा बाळंतिणीसाठी कोंबडे कापणे ही आपल्या घरांतली जुनी चाल आहे. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास ख्रिस्तसभा मनाई करीत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात ती मुभा स्पष्ट आहे. परंतु प्राण्याला विनाकारण यातना देणे किंवा त्याचा विनाकारण जीव घेणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही तिथेच सांगितले आहे. वाचक विचारील, 'कापून खाणे हाही उपयोगच नव्हे काय? मग आधी उपयोगावर एवढी टीका कशासाठी?' प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, जीव घेणे आणि जीव फेकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या हाताने दाणे टाकले त्याच हाताने एका क्षणात, वेदना लांबू न देता कापणे, अन्नाचा कण वाया न घालवणे आणि ताटावर बसताना देवाचे आभार मानणे, यांत त्या जीवाची नोंद घेतली जाते. उलट नको झालेला कोंबडा पोत्यात घालून रात्री महामार्गाच्या कडेला सोडून देणे, किंवा पैज लावून त्याला झुंजीत उतरवणे, यांत ती नोंद पुसली जाते. झुंज तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अनुवादाच्या पुस्तकात एक आज्ञा आहे. वाटेत घरटे सापडले तर पिल्ले घ्यावीत, पण आईला जाऊ द्यावे, दोघांनाही घेऊ नये. घेण्याची परवानगी आहे; परंतु घेणाऱ्याच्या हाताला कुठेतरी थांबावे लागते. धर्म सुरू होतो तो त्या थांबण्यापाशी.

कोंबड्यावर दया करताना आणखी दोघांना विसरून चालत नाही. पहिल्या त्या कोंबड्या. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या हे प्रमाण अनुभवी लोक सांगतात. तीन कोंबड्यांत दोन कोंबडे सोडले, तर थोड्याच दिवसांत त्या बिचाऱ्यांच्या पाठीवरची पिसे झडतात, कातडी उघडी पडते, तुरे रक्ताळतात. आणि ते दोघे आपसांत भांडतात ते निराळेच. 'एकाही कोंबड्याला हात लावणार नाही,' असे म्हणणाऱ्या घरातली दया अशा वेळी कोंबड्यांना भोगावी लागते. हिशेब मांडण्याचा कंटाळा म्हणजे करुणा नव्हे. करुणेलाही मोजमाप शिकावे लागते.

दुसरा तो शेजारी. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपली म्हण सांगते. विज्ञान तिला थोडी पुरवणी जोडते : कोंबडे झाकले म्हणून त्याचे आरवणेही राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, सतत मंद उजेडात ठेवलेला कोंबडाही स्वतःच्या अंगातल्या घड्याळानुसार पहाटेच्या सुमाराला आरवतो. म्हणजे तो आरवणारच. त्याला शिक्षा करून उपयोग नाही. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारी न्यायालयात गेले होते. २०१९ साली निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला आणि २०२१ साली तिथे खेड्यातले आवाज आणि वास यांना वारसा मानणारा कायदाही झाला.

परंतु न्यायालयात जिंकलेल्या माणसाने शेजारधर्मही जिंकलेला असतो असे नाही. आमच्या वाड्यांलगत आज इमारती उभ्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा आपणच विकलेल्या जमिनींवर आहेत. तिथे राहणारी, रात्रपाळी करून पहाटे तीनला अंथरुणाला पाठ टेकणारी परिचारिका ही आपली शेजारीण आहे. 'आम्ही आधीपासून इथे आहोत' हे वाक्य खरे असले तरी प्रेमाचे नाही. तसेच, लग्नाच्या मांडवात रात्री उशिरापर्यंत बँड वाजवणाऱ्याने दुसऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध तक्रार करताना थोडे थांबावे, हेही खरे. खुराडे शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर बांधता येते. रात्री कोंबड्याला अंधाऱ्या, बुटक्या छपराच्या खणात ठेवले तर त्याला मान ताणता येत नाही आणि आवाज कमी होतो. कोंबडा आणण्याआधी शेजारी जाऊन दोन शब्द बोलता येतात, अधूनमधून चार अंडी पाठवता येतात. एवढे करूनही शेजाऱ्याच्या आजाऱ्याला झोप लागत नसेल, तर कोंबड्यासाठी दुसरे चांगले घर शोधावे. तिथे हट्ट धरणे म्हणजे पक्ष्याच्या नावाने स्वतःचा अहंकार पोसणे होय.

ख्रिस्ती माणसाला कोंबड्याचा विचार करताना पेत्राची आठवण येणे अटळ आहे. चारही शुभवर्तमानांत ती रात्र आहे. प्रमुख याजकाच्या वाड्यात शेकोटी पेटली होती, पेत्राने तीनदा नाकारले आणि कोंबडा आरवला; मार्क तर तो दोनदा आरवल्याचे सांगतो. त्या रात्री पेत्राला भानावर आणायला बाकीच्या शिष्यांपैकी कुणी पुढे आला नाही. कुणाच्या तरी खुराड्यातला, कदाचित कुणाची झोप मोडणारा एक कोंबडा तेवढा आपल्या वेळेला आरवला. पहाटेपूर्वी त्याला गप्प करायला हवे होते, असे त्या आळीतही कुणाला वाटले असेल. पुढे ख्रिस्तसभेने त्याला युरोपातल्या देवळांच्या शिखरांवर चढवले, आणि पोर्तुगीज भाषेत नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला 'मिस्सा दो गालो', म्हणजे कोंबड्याची मिस्सा, असे नाव पडले.

यावरून प्रत्येक कोंबडा कुणाच्या तरी पश्चात्तापाला कारण होईल, असे आम्हांला म्हणायचे नाही. तसे म्हटले तर आपण पुन्हा उपयोगापाशीच येऊन थांबू. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की, कोण कशासाठी आहे याचा सगळा हिशेब आपल्या वहीत मावत नाही. म्हणून ज्याला कोंबड्या पाळायच्या आहेत त्याने तिघांची जबाबदारी पत्करूनच पाळाव्यात : कोंबड्याची, कोंबड्यांची आणि शेजाऱ्याची. अंगण लहान असेल, शेजार दाट असेल, तर कोंबडा न ठेवणे हाच धर्म. मात्र आपल्या तलंगांना भाऊ होते, हे त्या घराने विसरू नये. आणि अंगण मोठे असून एखादा म्हातारा कोंबडा कुंपणाशी उन्हात डोळे मिटून बसला असेल, त्याच्याने आता राखणही होत नसेल, तर त्याच्यापुढे मूठभर दाणे टाकताना वही उघडू नये. जो हात त्याच्यासाठी हिशेब न मांडता उघडतो, तो ओट्यावरच्या म्हाताऱ्याला पेज नेऊन देतानाही अडखळणार नाही.