दाराच्या कडेचा दिवा

गाडीच्या दारात दिव्याची पट्टी बसवायची तर अवघड काम दिव्याचं नसतं. दिवा स्वस्त, पाठीला डिंक लावूनच आलेला, कात्रीने कापता येणारा. अवघड असतं ते वायर गाडीच्या अंगातून दारात नेणं. बिजागरीजवळ एक रबरी नळी असते. तिच्यातून काचेच्या, कुलुपाच्या, स्पीकरच्या वायरी आधीच दाटीवाटीने गेलेल्या असतात. त्यांच्यात आपली एक घुसवायची, ती ताणली जाऊ नये आणि चेपलीही जाऊ नये. घाईत लोक नळी टाळतात आणि वायर सरळ दाराच्या फटीतून घेतात. सुरुवातीला सगळं छान चालतं. मग रोजच्या उघडझापीत वायरीची साल निघते, आतलं तांबं पत्र्याला लागतं आणि वाटेत फ्यूज नसेल तर आधी धूर निघतो, कारण मागाहून कळतं.

आमच्या ओळखीतल्या एका पोराने मृगाच्या तोंडावर हे काम घरच्या अंगणात काढलं. घर गडचिरोलीतल्या एटापल्लीहून सूरजागडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, गाडी जुनी बोलेरो. सजावटीच्या दुकानासाठी चंद्रपूर गाठायचं तर शंभरावर किलोमीटर, म्हणून सामान मागवून घेतलं आणि बाकीचं मोबाइलवर पाहून शिकला. पोरगा हाताचा नीट. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली. दाराचा पॅड पेचकसाने न उचकटता प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप सोडवत काढला. आतला प्लास्टिकचा कागद फाडला नाही, कडेने सोडवून बाजूला केला. हा कागद पुष्कळांना निरुपयोगी वाटतो. खरं तर गाडीचं दार आतून कोरडं नसतंच. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दारात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. कागद असतो तो ते पाणी पॅडवर आणि बसणाऱ्याच्या गुडघ्यावर येऊ नये म्हणून. तळाची भोकं डिंकाने बुजवली की वर्षा-दोन वर्षांत दार खालून सडायला लागतं. आमच्याकडच्या पावसात तर लवकरच.

बारा व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन बारीक दिव्यांचा एकेक गट असतो, म्हणून ती ठरावीक खुणेवरच कापायची. साठ मोठ्या दिव्यांची मीटरभर पट्टी सव्वा अँपियरच्या आसपास करंट ओढते. दारातला वीतभर तुकडा त्यापुढे काहीच नाही, दोन अँपियरचा फ्यूज पुरतो. इंजिन सुरू असताना गाडीत बारा नव्हे, चौदाच्या आसपास व्होल्ट असतात, आणि स्वस्तातल्या पट्ट्या तिथेच लवकर म्हाताऱ्या होतात. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा बरं ठाऊक होतं. माझं अडलं ते रंगावर. त्याने निळा आणला होता.

निळा का, असं विचारायचं नसतं. निळा या वयाचा रंग आहे. पण तो दिवा कोणासाठी, हे विचारावंसं वाटलं.

दारातल्या दिव्याचे धनी तीन. पहिला आत बसलेला. त्याला गुडघ्याजवळ मंद उजेड हवा असतो, बाटली, मोबाइल, दाराचा हँडल दिसेल इतका. सजावटीचा सगळा बाजार या एकट्यासाठी चालतो. पण अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि जवळचा पांढरा-निळा उजेड ती कमाई क्षणात घालवतो. शहरात याने फारसं बिघडत नाही, रस्त्यावरच दिवे असतात. एटापल्लीच्या पुढे जंगलात रात्री गाडीच्या उजेडापलीकडे काळोखच असतो, आणि दारातली पट्टी बाजूच्या काचेत उमटली की आरशाच्या जागी आपलाच निळा गुडघा दिसतो. त्यात पावसाळ्यात दार उघडं ठेवून दोन शब्द बोलत उभं राहा, निळ्या उजेडावर किडे असे येतात की पुढचा प्रवास त्यांच्यासोबत. पिवळसर दिव्यावर ते तुलनेने कमी येतात.

दुसरा धनी उतरणारा पाय. दाराच्या तळाशी जमिनीकडे तोंड करून बसवलेला दिवा महागड्या गाड्यांत कंपनीच देते, बरेचदा तो कंपनीचं बोधचिन्ह जमिनीवर पाडतो. बोधचिन्हाचं आमच्याकडे काय करायचं? पण उजेडाचं काम आहे. मण्यार रात्रीच फिरते, आणि पहिल्या पावसात तर बीळ सोडून रस्त्याच्या कडेला येते. गावातला माणूस रात्री बॅटरी घेतल्याशिवाय अंगणात उतरत नाही, तोच माणूस गाडीतून मात्र बेधडक पाय टाकतो, जणू चाकांनी आणलेली जमीन वेगळी असते. उतरण्याआधी पायाखालचा हातभर चिखल दिसावा, यासाठी दारात दिवा लावणं मला चैन वाटत नाही.

तिसऱ्या धन्याचा विचार क्वचित होतो. तो गाडीत नसतो, मागून येत असतो.

मोटारीचं दार पुढे बिजागरीवर टांगलेलं असतं. ते उघडलं की इतका वेळ आत असलेली त्याची बाजू मागे तोंड करते. म्हणजे ज्या पट्टीला आपण आतली सजावट म्हणतो, ती दार उघडताक्षणी मागून येणाऱ्यासाठी पाटी होते. काही गाड्यांत दाराच्या आतल्या अंगाला, तळाशी, लाल दिवा किंवा लाल चमकपट्टी असते ती याचसाठी: इथे आता लोखंडाचा एक पंख रस्त्यात आला आहे, सायकल जरा बाहेरून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्यातला १०८वा नियमही, ठरावीक अपवाद सोडले तर, समोरून लाल आणि मागून लालखेरीज दुसरा दिवा दिसू नये असंच सांगतो. अपवादांच्या तपशिलात शिरायला नको. मागून येणाऱ्याच्या डोळ्याला लालाची सवय आहे आणि निळ्याचा अर्थ त्याला चटकन लागत नाही, एवढं पुरे.

लाल दिव्याशी आपलं नातं चमत्कारिक होतं खरं. कित्येक वर्षं तो गाडीच्या टपावर होता, आणि तो दिसला की इतरांनी सरकायचं असे. १ मे २०१७पासून मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या टपांवरून तो उतरला. टपावरचा लाल म्हणायचा, बाजूला व्हा. दाराच्या कडेचा लाल म्हणतो, जपून, मी उतरतोय. रंग तोच, पण पहिल्यात हुकूम आहे आणि दुसऱ्यात विनंती. पहिला मिळवायला लोकांनी आयुष्यं घालवली. दुसरा कोणालाही शंभराच्या आत लावता येतो, म्हणूनच बहुधा कोणी लावत नाही.

या रस्त्यावर तिसरा धनी कोण, हे पाहायला लांब जावं लागत नाही. सूरजागडचा डोंगर माडिया आदिवासींच्या ठाकूरदेवाचा, जानेवारीत तिथे जत्रा भरते. त्याच डोंगरात लोहखनिज. डिसेंबर २०१६मध्ये नक्षलवाद्यांनी खाणीवर पंचाहत्तरहून अधिक वाहनं जाळली, काम रखडत गेलं, आणि २०२१मध्ये पुन्हा सुरू झालं. तेव्हापासून एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या वाटेवर दगड भरलेल्या हायवा ट्रकांची रांग आहे, आणि तिच्या कडेने जुनाच रस्ता चालू आहे: शाळेच्या सायकली, बैलगाड्या, खांद्यावर कावड घेतलेला माणूस. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं रात्री गळतात, म्हणून उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन निघतात. धुळीत आणि झुंजूमुंजूत त्या दिसत नाहीत. चहाच्या टपरीपाशी थांबलेल्या गाडीचं दार अशा वेळी फटकन उघडलं, तर सायकलवाल्यासमोर दोनच वाटा उरतात, दारावर आदळणं किंवा हायव्याच्या बाजूला झुकणं.

दिव्याशिवायही एक उपाय आहे, आणि तो फुकट आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, दार उजव्या हाताने उघडतो, आणि मान पुढेच राहते. तेच दार डाव्या हाताने उघडायचं म्हटलं की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागचा रस्ता दिसतोच. नेदरलँड्ससारख्या सायकलींच्या देशात ही सवय मुद्दाम लावली जाते. मी पोराला करून दाखवलं. त्याने दोनदा केलं, हसला, आणि तिसऱ्या वेळी उजवा हातच गेला.

लालाचं म्हटल्यावर तर त्याने सरळ विचारलं, “लाल कायले जी काका? अँब्युलन्स हाये का आपली?” मग अंगणात गाडीच्या मागे पंधरा-वीस पावलांवर उभं राहून दोघांनी दार उघडं ठेवून पाहिलं. अंधार पडला होता. निळी पट्टी दिसत होती, पण ती दाराची आहे की पलीकडच्या पानटपरीची, ते कळत नव्हतं. ट्रॉलीला लावतात तसल्या लाल चमकपट्टीचा तुकडा दाराच्या तळाशी धरला आणि मोटरसायकलचा हेडलाइट टाकला, तर दाराची कड नेमकी उठून आली. चमकपट्टीला वायर लागत नाही, फ्यूज लागत नाही, आणि बॅटरी उतरली तरी ती जागी असते.

तडजोड अशी झाली की निळी राहील, पण वर न लावता पॅडच्या खालच्या कडेला, पायांकडे तोंड करून. तिची जोडणी पार्किंग लाइटवरून काढून छतावरच्या दिव्याच्या वायरीवर, म्हणजे दार उघडेल तेव्हाच लागेल आणि चालताना काचेत दिसणार नाही. दोन्ही दारांच्या तळाला लाल चमकपट्टी. पांढरा दिवा जमिनीकडे लावायचा बेत त्याला पटला, पण सामान संपलं होतं.

मागची दोन दारं अजून बाकी आहेत. तिथली रबरी नळी आणखी अरुंद आहे म्हणतो, आणि त्याच्या बापाने सांगून ठेवलंय की रोवणी आटपेपर्यंत गाडी उघडायची नाही.