नाम, वस्तू आणि आप्तवचन

एखाद्या वस्तूला तिचे नाव कशामुळे प्राप्त होते, तिच्या घटकद्रव्यांमुळे की लोक तिला त्या नावाने ओळखतात एवढ्याच कारणाने, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी गाय, घट आणि पट यांच्या निमित्ताने शतकानुशतके चर्चिला आहे. परंतु याच प्रश्नाचा निवाडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील राष्ट्रांना एका खाद्यपदार्थाच्या बाबतीत करावा लागला, आणि तो वाद पाव शतकाहून अधिक काळ चालला. तो पदार्थ म्हणजे मिल्क चॉकलेट.

कोकोच्या बीमध्ये सुमारे निम्मा भाग स्निग्धांशाचा असतो आणि दुधात सुमारे ८७ टक्के पाणी. स्नेह आणि जल यांचे सख्य होत नसल्यामुळे या दोहोंची टिकाऊ वडी करणे दुष्कर होते. स्वित्झर्लंडमधील वेवे या गावी दानिएल पेटर याने १८७५ च्या सुमारास दुधातील पाणी आटवून हा मेळ साधला. पुढे प्रत्येक देशाने आपापल्या रुचीप्रमाणे हा पदार्थ घडविला. १९०५ साली इंग्लंडात कॅडबरीची डेअरी मिल्क निघाली, आणि अधिक दूध व कमी कोको हीच तेथील लोकांची चव ठरली. युरोपीय संघाच्या कायद्याने मिल्क चॉकलेटमध्ये किमान २५ टक्के कोको आणि १४ टक्के दुधाचे घनांश सांगितले. ब्रिटन व आयर्लंड यांना २० आणि २० या प्रमाणाची मुभा मिळाली. अमेरिकेच्या कायद्याला १० टक्के कोको आणि १२ टक्के दूध पुरेसे वाटले. १९७३ साली ब्रिटन युरोपीय समुदायात दाखल झाले, तेव्हा फ्रान्स आणि बेल्जियम येथील कारागिरांनी तक्रार मांडली की, ज्यात दूध इतके आणि कोको इतका थोडा, शिवाय कोकोच्या लोण्याबरोबर दुसरी वनस्पतिजन्य चरबीही मिसळलेली, त्या वस्तूला चॉकलेट हे नाव धारण करण्याचा अधिकारच नाही.

या तक्रारीच्या मुळाशी जे गृहीत आहे, ते दुर्लक्षणीय नाही. वस्तूला काही नियत स्वरूप असते, आणि त्या स्वरूपाचा लोप झाला की नावही निवृत्त झाले पाहिजे, असे मानणारा माणूस सत्याचीच बाजू घेत असतो. परंतु दहा टक्के, वीस टक्के, पंचवीस टक्के यांपैकी कोणत्या पायरीवर स्वरूपाचा लोप होतो, हे सृष्टीने कोठेही लिहून ठेवलेले नाही. ती रेषा माणसेच आखतात. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हा आधुनिक, म्हणजे माणसांनी ठरविलेला, संकेत होय, आणि म्हणून कायद्यातील मिल्क चॉकलेट हा पारिभाषिक शब्द आहे. लोकांच्या तोंडचा शब्द मात्र रूढ आहे, आणि रूढीला टक्केवारी ठाऊक नसते.

आपल्या महाराष्ट्रातील घरांत हे सहज दिसून येते. पोराच्या वाढदिवसाला वर्गात वाटलेली चकचकीत कागदातील साखरेची गोळीसुद्धा चॉकलेटच असते, आणि खऱ्या कोकोची वडी, मग ती कोणत्याही कंपनीची असो, कॅडबरी म्हणून मागितली जाते. मूल शब्द शिकते ते वडीलधाऱ्यांच्या व्यवहारातून: एकाने आणायला सांगितले, दुसऱ्याने आणले, आणि पाहणाऱ्या बालकाला अर्थ उमगला. नैयायिकांनी शक्तिग्रहाच्या, म्हणजे शब्दाचा अर्थ कळण्याच्या, साधनांत वृद्धव्यवहाराला जे अग्रस्थान दिले, ते याचकरिता. पतंजलींनीही महाभाष्यात म्हटले आहे की, घट हवा असलेला मनुष्य कुंभाराच्या घरी जातो, पण शब्द हवे म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही. शब्द लोकांचे आहेत. त्यांवर ना कारागिराची मालकी, ना सरकारची.

इतके मान्य केल्यावर कोणी म्हणेल की, मग कोणीही कशालाही मिल्क चॉकलेट म्हणावे, त्यात दोष तो काय? माझ्या मते दोष आहे, पण तो शब्दार्थाच्या प्रांतात शोधून सापडणार नाही. घरात आजी नातवाला गोळी देऊन चॉकलेट म्हणते, तेव्हा वस्तू दोघांच्या समोर असते आणि कोणाचीही वंचना होत नाही. दुकानात वस्तू वेष्टनाच्या आत असते. घेणाऱ्याला ती दिसत नाही, चाखता येत नाही, आणि त्याच्या हाती प्रमाण म्हणून केवळ एक शब्द उरतो. दूध ज्याला सोसत नाही अशा रोग्याचे आरोग्य त्या शब्दावर अवलंबून असते. मांसाहारानंतर काही तास दूध वर्ज्य मानणाऱ्या यहुदी कुटुंबाचे व्रत त्या शब्दावर अवलंबून असते. अशा ठिकाणी नाव हे निव्वळ नाव राहत नाही, ते शब्दप्रमाण होते. आणि ते लिहिणारा विक्रेता, त्याला कल्पना असो वा नसो, आप्ताच्या आसनावर बसलेला असतो.

आप्त कोण, याचे लक्षण वात्स्यायनांनी न्यायभाष्यात सांगितले आहे. वस्तूच्या धर्माचे त्याला साक्षात् ज्ञान असले पाहिजे, आणि जसे पाहिले तसेच दुसऱ्याला सांगण्याच्या इच्छेने तो प्रवृत्त झालेला असला पाहिजे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना समान आहे, असेही त्यांनी निःसंदिग्धपणे नमूद केले. प्रामाण्य कुलावर किंवा पदावर अवलंबून न ठेवता ज्ञान आणि सद्भाव यांवर ठेवणारे हे वचन मला आपल्या तत्त्वविचारातील अत्यंत उदार वचनांपैकी एक वाटते. आणि ते जर म्लेच्छाला लागू आहे, तर कारखानदारालाही लागू आहेच.

युरोपातील तंटा शेवटी ज्या रीतीने मिटला, ती रीत या विचाराशी विलक्षण जुळते. युरोपीय संघाच्या २००० सालच्या हुकुमाने ब्रिटनला आपले मिल्क चॉकलेट हे नाव आपल्या मुलखात राखू दिले, पण दुधाचे प्रमाण वेष्टनावर छापण्याची अट घातली. १६ जानेवारी २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने स्पेन आणि इटली यांच्याविरुद्ध निकाल देताना म्हटले की, अन्य वनस्पतिजन्य चरबीच्या अल्प मिश्रणाने वस्तूचे स्वरूप मूलतः पालटत नाही, म्हणून तिला चॉकलेटची नक्कल म्हणवून घेण्याची सक्ती करता येणार नाही. ग्राहकाला कळण्यासाठी वेष्टनावर तटस्थ व वस्तुनिष्ठ माहिती पुरे. नाव लोकांकडे राहिले, आणि सांगण्याचे दायित्व विकणाऱ्याकडे गेले.

तथापि कायद्याचा अंमल आप्तलक्षणाच्या अर्ध्यापर्यंतच पोहोचतो. विक्रेत्याला आपल्या मालाचे ज्ञान असावे आणि त्याने ते छापावे, एवढे सरकारला वसूल करता येते. समोरच्याला ते खरोखर कळावे ही इच्छा मात्र कोणत्याही फर्मानाने उत्पन्न होत नाही. वेष्टनाच्या पाठीवर, डोळ्यांना ताण देऊनही न वाचता येणाऱ्या अक्षरांत टक्केवारी देणारा कायद्यापुढे निर्दोष ठरतो, पण वात्स्यायनांच्या कसोटीला तो उतरत नाही. म्हणून मिल्क चॉकलेट कशाला म्हणावे, याचा निर्णय व्यवहारावर निःशंकपणे सोपवावा. पण ते शब्द उच्चारून दुसऱ्याच्या विश्वासावर आपला माल ठेवणाऱ्याने, ऐकणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ उमटतो याची चिंता आपण होऊन वाहावी, हा धर्म आहे, आणि तो कायद्याच्या हाती सोपवून मोकळे होता येत नाही.