पाठीवरच्या कंदाचा जीव

पोकेमॉनच्या दुनियेत पहिला क्रमांक पिकाचूचा नाही, बुल्बासॉरचा आहे. बेडकासारखं रुंद तोंड, चार आखूड पाय, निळसर हिरव्या कातडीवर गडद ठिपके आणि पाठीवर भला मोठा कंद. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉयवर ‘पोकेमॉन रेड’ आणि ‘ग्रीन’ हे खेळ आले. त्यांत प्रोफेसर ओक नव्या खेळाडूपुढे जे तीन जीव ठेवतात, त्यांतला हा एक. खेळातल्या नोंदवहीत, म्हणजे पोकेडेक्समध्ये, त्याचा क्रमांक ००१. नाव एक, क्रमांक एक, आणि मावतोही एकाच पोकेबॉलमध्ये. लढाईत शुद्ध हरपली, तर प्राण्याची आणि कंदाची मिळून एकदाच हरपते.

पण हा जीव खरंच एक आहे का?

पोकेडेक्सच्या नोंदी सलग वाचल्या, की शंका बळावते. जन्मतःच त्याच्या पाठीवर एक विचित्र बी पेरलं गेलं आणि रोप त्याच्याबरोबर वाढतं, असं पहिली नोंद सांगते. कोणी पेरलं, हे ती सांगत नाही. कंदात साठलेल्या ऊर्जेवर तो दिवसच्या दिवस काही न खाता राहतो. तो उन्हात डुलक्या घेतो आणि पाठीवरचं बी ऊन शोषून मोठं होत जातं. इथपर्यंत सगळा खुशीचा मामला वाटतो. सोळाव्या लेव्हलला मात्र त्याचा आयव्हीसॉर होतो आणि कंद एवढा वाढतो, की मागच्या दोन पायांवर उभं राहणं त्याला जमेनासं होतं. बत्तिसाव्या लेव्हलला होतो व्हीनसॉर. पाठीवर फूल उमलतं आणि हा अगडबंब जीव उन्हाच्या शोधात हिंडत राहतो. पाय प्राण्याचे, पण ती ओढ रोपाची. मग चालतंय कोण?

हा प्रश्न खेळापुरता मर्यादित नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत वसंतात पाण्याची डबकी साचतात. तिथे पिवळ्या ठिपक्यांच्या सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याची मादी अंडी घालते. अंड्यांचे जेलीसारखे पुंजके काही दिवसांत हिरवे दिसू लागतात, कारण आत एकपेशीय शैवाल वाढत असतं. भ्रूण जे टाकून देतो, त्यातला नायट्रोजन शैवालाला मिळतो आणि शैवालाने सोडलेला ऑक्सिजन भ्रूणाला. एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना ही जोडी ठाऊक होती. २०१० मध्ये कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातले संशोधक रायन कर्नी यांनी पुढची गोष्ट दाखवून दिली: हे शैवाल भ्रूणाच्या पेशींच्या आतही असतं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याच्या पेशीत उजेडावर जगणारा दुसरा जीव! बुल्बासॉरला याहून जवळचा नातेवाईक शोधून सापडायचा नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. दोघांच्या कोणत्या जनुकांचं काम वाढलं आणि कोणत्यांचं मंदावलं, हे कर्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तपासलं. सॅलॅमँडरच्या पेशी बऱ्याच शांत होत्या. आत शिरलेलं शैवाल मात्र ताणाखाली होतं. ऑक्सिजनवाचून किण्वनाच्या आधाराने ते कसंबसं तगत असल्याची चिन्हं दिसत होती. अंड्याच्या पाण्यात जो सोबती, तो पेशीत कदाचित कैदी. दोन जीव एकाच कातडीत राहतात म्हणून दोघांचं सुख एक होत नाही.

एका देहात किती जीव, या प्रश्नाचा जैन दर्शनाने फार बारकाईने विचार केला आहे. जैन घरांत कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य का, याचं एक कारण त्यात आहे. कंद हा ‘अनंतकाय’ मानला जातो: एकाच देहात अनंत जीव, त्यांचा श्वास सामाईक, आहार सामाईक. हे जीव एकेंद्रिय, त्यांना फक्त स्पर्श कळतो. याउलट बेडूक पंचेंद्रिय. ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमात तर पूर्वजन्म आठवून महावीरांच्या दर्शनाला निघालेल्या बेडकाची कथा आहे. म्हणजे बुल्बासॉरच्या पोटाकडची बाजू जीवांच्या उतरंडीत वरच्या पायरीवर आणि पाठीची बाजू अगदी तळाशी. पण जैन आचार तळाच्या जीवाला हिशेबाबाहेर ठेवत नाही. जो ओरडू शकत नाही, ज्याची मोजदादही होऊ शकत नाही, त्याच्या बाबतीत अधिक जपून वागावं, असंच तो सांगतो.

ज्या देशात बुल्बासॉर जन्मला, तिथेही रोपाच्या जीवाचं मोल काय, हा वाद जुना आहे. गवत आणि झाडं बुद्धत्व मिळवू शकतात का, यावर जपानच्या तेंदाई पंथात नवव्या-दहाव्या शतकात गंभीर चर्चा झाली. भिक्षू आन्नेन यांनी वनस्पतींच्या बाजूने ग्रंथ लिहिला. रियोगेन यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात तर झाडाचं उगवणं, टिकणं, बदलणं आणि मरणं हीच त्याची साधना मानली आहे. यामागाता प्रांतात योनेझावाच्या आसपास लोकांनी अठराव्या शतकापासून तोडलेल्या झाडाझुडपांसाठी स्मारकशिळा उभारल्या. रोप म्हणजे नुसतं ओझं किंवा नुसतं अन्न नाही, ही जाणीव त्या मातीत मुरलेली आहे.

माणसाने या प्रश्नाकडे तिऱ्हाईतासारखं पाहायचं कारण नाही. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया हे कधीकाळी स्वतंत्र जगणाऱ्या जिवाणूंचे वंशज आहेत. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हा सिद्धांत जोरकसपणे मांडला आणि आज तो पाठ्यपुस्तकांत आहे. मायटोकॉन्ड्रियांकडे अजूनही स्वतःचा थोडा डीएनए आहे. २०१६ च्या एका अंदाजानुसार माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी. ‘मी’ म्हणताना माणूस नेमका कोणाच्या वतीने बोलतो, हे सांगणं बुल्बासॉरइतकंच अवघड आहे.

म्हणून ‘एक की दोन’ हा प्रश्न कातडीची रेघ पाहून सुटणार नाही. कोणाला काय मिळतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे आधी पाहायला हवं. त्या कसोटीवर बुल्बासॉर दोनच ठरतो: उभं राहण्याची ताकद एकाची जाते, फूल दुसऱ्याचं उमलतं. पोकेडेक्सने या दोघांना एकच क्रमांक दिला, ती खेळाची सोय झाली. शैवाल, कंद, आतड्यातले जिवाणू या मुक्या भागीदारांच्या बाबतीत तीच सोय पाहून चालणार नाही. घरात कोणी मूल हा खेळ खेळत असेल, तर त्याच्याशेजारी बसून त्याला जरूर विचारावं, की उन्हाकडे निघालेल्या व्हीनसॉरला नेतंय कोण. त्याचं उत्तर घाईने दुरुस्त करू नये.