श्रावणाच्या पलीकडे

पंढरपूर आपल्या सोलापूर जिल्ह्यातलेच. पंढरीची वारी करणारा, तुळशीची माळ घातलेला वारकरी मांसाहार सोडतो. माळ नसलेली कितीतरी घरेही श्रावण पाळतात.

या संयमाला आता नवी कारणे मिळाली आहेत. सॉसेज, सलामीसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगाला कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवडे जगते, आणि तेही कोंदट गर्दीत. हे खरोखर क्लेशदायक आहे.

शिवाय पाणी! मांसासाठी ते धान्यापेक्षा कितीतरी जास्त लागते; मंगळवेढ्याची ज्वारी मात्र काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर पिकते. तिची कडक भाकरी, शेंगाचटणी, मटकीची उसळ... प्रथिने इथेही भरपूर आहेत.

श्रावणातला हा बेत श्रावण संपल्यावरही आठवड्यातून दोन दिवस जरूर ठेवा.