बहात्तरपैकी एक्काहत्तर

मी गोल्फ खेळतो असं सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्या चपलांकडे बघतो. यात त्याची काही चूक नाही. ज्यांच्याकडे मोटार असते, मोटारीला ड्रायव्हर असतो आणि त्या ड्रायव्हरला तासन्‌तास झाडाखाली थांबायला सांगता येतं, अशा लोकांचा हा खेळ, अशी आपली सर्वांची समजूत आहे. चेंबूरच्या शाखेत होतो तेव्हा तिथल्या गोल्फ क्लबाच्या बाहेरच्या रस्त्यावरून रोज बसने जायचो. प्रत्यक्ष गोल्फशी माझा संबंध आला तो एवढाच, आणि तोही उभ्याने.

तेव्हा खुलासा करून टाकतो. मी गोल्फ खेळतो तो कॉम्प्युटरवर, रात्री साडेनऊनंतर, लुंगी नेसून.

हे खूळ डोक्यात शिरलं ते जुनंच. शाळेत असताना वडिलांनी मला एका कॉम्प्युटर क्लासला घातलं होतं. ‘पुढे बँकेत उपयोगी पडेल’ हे त्यांचं भविष्य दुर्दैवाने खरं ठरलं. तिथले सर आम्हाला वर्डस्टारमध्ये अर्ज लिहायला लावून स्वतः आतल्या खोलीत गोल्फ खेळत. ‘लिंक्स’ नावाचा तो खेळ १९९० साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या ॲक्सेस सॉफ्टवेअर कंपनीने काढलेला. पडद्यावर आधी आकाश यायचं, मग जमीन, मग एकेक झाड. सर तोवर चहा पिऊन घ्यायचे. दाराच्या फटीतून ते दृश्य बघताना मला वाटायचं, मोठेपणी आपणही असंच, दुसऱ्याला कामाला लावून, कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी चेंडू मारत बसू.

मोठेपणी दुसऱ्यांनी मलाच कामाला लावलं. पण गेल्या दिवाळीत इंजिनिअरिंगचा भाचा आला आणि ‘मामा, तुला सोपं काहीतरी देतो’ म्हणून त्याने लॅपटॉपवर डॉसबॉक्स नावाची युक्ती करून तोच जुना खेळ चालू करून दिला. झाडं आता एका क्षणात उगवतात. चहाला वेळ मिळत नाही, एवढीच काय ती गैरसोय.

ज्यांना गोल्फ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अठरा भोकं असतात. प्रत्येकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे आमच्याकडच्या वरणाच्या वाटीएवढा. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या. या काठीलाही क्लबच म्हणतात. म्हणजे क्लबात जायचं आणि क्लबच फिरवायचा. चांगल्या खेळाडूने एकेका भोकाला किती फटके घ्यावेत हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणायचं. अठरांची बेरीज साधारण बहात्तर. जितके फटके कमी तितका खेळाडू थोर. आमच्या बँकेतही काही माणसं जितकं काम कमी तितकी थोर मानली जातात, त्यामुळे हा नियम मला चटकन पटला.

कॉम्प्युटरवरच्या गोल्फमध्ये दंड-खांदे लागत नाहीत, लागतं एक बोट. पडद्यावर एक पट्टी असते. बटण दाबलं की तिच्यावरचा काटा वर सरकू लागतो. हवा तितका जोर झाला की तो थांबवायचा, आणि परत खाली येताना नेमक्या खुणेवर टिपायचा. खूण जरा आधी चुकली तर चेंडू एका बाजूच्या झाडीत, जरा नंतर चुकली तर दुसऱ्या बाजूच्या. निन्टेंडोने १९८४ साली काढलेल्या गोल्फमध्येही अशीच पट्टी होती. त्याचा प्रोग्रॅम लिहिणारे सातोरू इवाता पुढे २००२ साली त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. मी गेली बावीस वर्षं क्लार्क आहे. असो.

पहिल्या रात्री मी सहाव्या भोकापर्यंत शहाऐंशी फटके मारले आणि लॅपटॉप मिटवून झोपलो. पण कॉमर्सचा पदवीधर सहजासहजी हार मानत नाही. तो वही घालतो. मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: भोक, वारा, काठी, अंतर, जोर, निकाल. प्रत्येक फटका त्यात टिपू लागलो. आणि सांगायला आनंद वाटतो की या वहीने मला खरोखर शहाणं केलं. चेंडूकडे बघायचंच नाही, नजर पट्टीवर ठेवायची, हे मला चौथ्या पानावर कळलं. लहान काठीने जीव खाऊन मारण्यापेक्षा एक नंबर मोठी काठी घेऊन सबुरीने मारलं तर चेंडू सरळ जातो, हे नवव्या पानावर. भोकाजवळच्या हिरवळीवर खेळ एक जाळी काढून दाखवतो. ती कुठे वाकते ते बघून, भोकाकडे नव्हे तर भोकाच्या बाजूला नेम धरायचा, हे बाविसाव्या पानावर. ज्याला या खेळात सुधारायचं असेल त्याला मी एवढंच सांगेन, की शिकवणी लावू नका, वही घाला.

दोन महिन्यांत माझी बेरीज बहात्तरच्या खाली आली. एक्काहत्तर! त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी हेडकॅशिअरना सांगितलं, “साहेब, काल गोल्फमध्ये एक्काहत्तर केले.”

“कितीपैकी?” त्यांनी विचारलं.

“बहात्तर.”

“वा! एकच मार्क गेला,” असं म्हणून त्यांनी आपल्या डब्यातली एक आळुवडी मला दिली. मी ती खाल्ली. ही आळुवडी पुढे मला फार जड जाणार होती.

झालं असं, की रविवारी आमची कन्या, इयत्ता नववी, गणिताची वही समजून माझी गोल्फची वही उघडून बसली. पाच मिनिटांनी तिने हाक मारली, “बाबा, इथे भोक क्रमांक सात, फटके चार असं लिहिलंय. मग ओळी अकरा कशा?”

आता मला मलिगनबद्दल सांगणं भाग आहे. या खेळात मलिगन नावाचं एक बटण आहे. फटका बिघडला की ते दाबायचं. चेंडू निमूट होता तिथे परत येतो, फटका मोजला जात नाही आणि आपण पुन्हा मारतो. गोल्फच्या खऱ्या नियमांत मलिगनला जागा नाही, पण मित्रमंडळी आपसात चालवून घेतात. आपल्याकडे गल्ली क्रिकेटमध्ये पहिल्या चेंडूवर दांडी उडाली की ‘ट्रायल बॉल’ म्हणून ओरडतात, त्याचंच हे विलायती भावंड. फरक इतकाच, की गल्लीत ट्रायल बॉल एकदाच मिळतो आणि त्यासाठी भांडावं लागतं. इथे समोर भांडायला कोणी नाही आणि बटणाला मर्यादा नाही.

कन्येने बेरीज केली. त्या एक्काहत्तरच्या डावात वहीत एकशे नऊ ओळी होत्या.

“अडतीसचा फरक लागतोय, बाबा.”

हे वाक्य बँकेच्या माणसाला घरात ऐकवू नये. फरक लागला की जेवण गोड लागत नाही ही आमची सवय. मी म्हणालो, “तो फरक नव्हे. तो सराव.” ती ‘बरं’ म्हणाली. आजकालच्या मुलांच्या ‘बरं’मध्ये जे असतं ते आमच्या वेळी मास्तरांच्या छडीत असे.

त्या दिवसापासून मी विचारात पडलो. मी फसवलं कोणाला? कॉम्प्युटरला? बटण त्यानेच दिलंय. मी आतली तार तोडलेली नाही. कोणी हरलेला नाही, कोणाचा पैसा गेलेला नाही. आमचे आजोबा दुपारभर पत्त्यांचा पेशन्स लावत, आणि अडलं की खालचं पान हळूच वर घेत. त्यांना कोणी लबाड म्हटलं नाही. उलट डाव लागला की आजी त्यांना चहा देई. फार तर मी स्वतःला फसवलं असेल. पण स्वतःला फसवणं शक्य तरी आहे का? फसवणारा मी, फसणाराही मी. म्हणजे सेल्फचा चेक झाला, देणाराही आपण आणि घेणाराही आपणच. इथपर्यंत मी खूश होतो. मग आठवलं, की खात्यात शिल्लक नसेल तर सेल्फचा चेकसुद्धा काउंटरवरून परत येतो.

लहानपणी एक गोष्ट ऐकली होती. गुरुजी शिष्यांना एकेक केळं देतात आणि सांगतात, कोणी बघत नाही अशा जागी जाऊन खा. सगळे खाऊन येतात. एक जण तसंच केळं घेऊन परत येतो. म्हणतो, अशी जागाच सापडली नाही, देव सगळीकडे बघतो. मी तेव्हाच आईला म्हणालो होतो की मी खाल्लं असतं. आई म्हणाली, “माहीत आहे.”

पण माझी खरी पंचाईत निराळी होती. काही वर्षांपूर्वी कॅशला बसलो असताना संध्याकाळी माझ्याकडे पाचशे रुपये जास्त भरले. तीनदा मोजले, जास्तच. मी ते नियमाप्रमाणे जादा रोकड म्हणून नोंदवले. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ कासावीस होऊन आले, त्यांना पैसे मिळाले आणि शाखेत माझं नाव झालं. ‘सचोटीचा माणूस’ असं साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं. ते शब्द मी घरी येऊन हिला दोनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तेव्हा ती म्हणाली, दूध उतू जातंय.

आता मला प्रश्न पडला, की त्या संध्याकाळी ते पाचशे रुपये मी का नोंदवले? माझ्या डोक्यावर कॅमेरा होता म्हणून? ऑडिट होतं म्हणून? कारण जिथे कॅमेरा नाही, ऑडिट नाही, साहेब नाही आणि पाचशे रुपयेही नाहीत, तिथे मी दोन महिन्यांत, वहीच्याच हिशेबाने, काही शे वेळा ते बटण दाबलं होतं. म्हणजे बावीस वर्षं जिच्यावर मी मान वर करून चाललो ती सचोटी माझी, की भिंतीवरच्या त्या काळ्या डबीची? विनोदी लेखात असला प्रश्न घालू नये हे मला कळतं. पण तो मलाही रात्री अकरा वाजता, लुंगीत, नको असतानाच पडला.

गोल्फवाल्यांत बॉबी जोन्स नावाचा एक मोठा खेळाडू होऊन गेला. व्यवसायाने पुढे वकील, आणि गोल्फ पैशासाठी न खेळणारा. वकील आणि पैसे न घेणारा, म्हणजे आधीच दुर्मिळ माणूस. १९२५ साली अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेत, वुस्टरच्या मैदानावर, फटक्याच्या तयारीत असताना गवतातला त्याचा चेंडू जरासा हलला. कोणी बघितलं नव्हतं. पंचांनी विचारपूस केली, कोणालाच काही दिसलेलं नव्हतं, तेव्हा त्यांनी निर्णय त्याच्यावरच सोपवला. त्याने स्वतःच्या नावे एक फटका दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत आले, पुन्हा छत्तीस भोकांचा सामना झाला आणि त्यात जोन्स एका फटक्याने हरला. तो दंड घेतला नसता तर बरोबरी झालीच नसती. लोकांनी कौतुक केलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, की हे म्हणजे बँक लुटली नाही म्हणून एखाद्याचं कौतुक करण्यासारखं आहे.

हे वाचून मी जागच्या जागी आक्रसलो. बावीस वर्षं बँक न लुटल्याबद्दल कौतुक करून घेणारा माणूस म्हणजे दुसरं कोण?

आता एक गोष्ट मलिगनच्या बाजूने सांगायला हवी, नाहीतर एकतर्फी होईल. चुकलेला फटका लगेच पुन्हा मारला तर हात सुधारतो यात शंका नाही. गवई रियाजात एक तान पन्नास वेळा घेतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही. माझी गडबड ही झाली, की मी रियाज केला आणि आळुवडी मैफलीची खाल्ली. शिवाय बटण आहे म्हटल्यावर बोट सैल पडतं. काटा खुणेशी येताना पोटात जो गोळा यायला हवा तो येतच नाही, आणि त्या गोळ्यासकट टिपणं हेच तर शिकायचं होतं. माझ्या दोनशे पानांत त्याला रकानाच नव्हता.

पुढच्या रविवारी मी जाहीर केलं, की आज एकही मलिगन नाही. कन्या पंच म्हणून स्टुलावर बसली. ही कांदे चिरत होती, पण कान इकडे. मैदान नेहमीचंच, सॅन दिएगोजवळचं टॉरी पाइन्स, दक्षिणेकडचं. तिसऱ्या भोकाला उंचावरून खाली समुद्राकडे मारायचं असतं. एरवी मी तिथे डोळे मिटून तीनात बसवतो. त्या दिवशी बोटाला घाम फुटला. सात लागले. सहाव्या भोकापाशी माझा हात आपोआप त्या बटणाकडे गेला तेव्हा पंच नुसते खाकरले.

शेवटच्या, अठराव्या भोकाला हिरवळीच्या पुढ्यात एक तळं आहे. १९७५ साली ऑस्ट्रेलियाचा ब्रूस डेव्हलिन खऱ्या स्पर्धेत खेळत असताना त्याचा चेंडू या तळ्याच्या काठच्या पाण्यात अडकला. तो बाहेर काढायला त्याने फटक्यावर फटके मारले, आणि पाचाच्या भोकाला दहा लागले. पाहणाऱ्यांसमोर, मोजून. तेव्हापासून त्या तळ्याला डेव्हलिनचा बिलाबाँग म्हणतात. बिलाबाँग म्हणजे ऑस्ट्रेलियन भाषेत डबकं. मी हे कन्येला सांगितलं, वातावरण हलकं व्हावं म्हणून. मग मारलं. चेंडू वर गेला, छान गेला, आणि तळ्यात पडला. पुढचाही पडला.

“मोजायचा?” मी विचारलं.

“बाबा!”

त्या भोकाला अकरा लागले. डेव्हलिनपेक्षा एकच जास्त, हे मी वहीत शेऱ्यात लिहिलं. एकूण एकशे अठरा. ओळीही एकशे अठरा. दंडाच्या ओळी कन्येने स्वतः लाल शाईने घातल्या. टॅली झाली. मागचं एक्काहत्तरचं पान फाडायला मी हात घातला होता, पण आमच्यात खोडाखोड चालत नाही. चुकीची नोंद तशीच ठेवून तिच्यासमोर उलट नोंद घालायची असते. तशी घातली.

राहिली आळुवडी. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी हेडकॅशिअरांसमोर बसलो आणि घसा साफ करून म्हणालो, “साहेब, ते एक्काहत्तर खरे नव्हते. नीट खेळलो तेव्हा एकशे अठरा झाले.”

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “एकशे अठरा? बहात्तरपैकी?”

“हो.”

“अहो, मग एवढा चेहरा पाडून काय सांगताय!” असं म्हणत त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि या वेळी दोन आळुवड्या माझ्या ताटलीत ठेवल्या.

मी खुलासा करायला तोंड उघडलं. सुट्टी संपायला आठ मिनिटं होती आणि आळुवड्या अजून गरम होत्या.